पंप उचलणारा हात कशाने हलतो?

गेल्या वर्षी श्रावणातील एका सकाळी आरंग तहसिलीतील एका गावात मी धानाच्या बांधीत उभी होते. सोबत शेताचे मालक होते. वय साठीच्या पुढे. सारा गाव त्यांना कका म्हणतो, म्हणून मीही म्हणते. रोवणीला महिनाही झाला नव्हता. काही पाने लांबट गुंडाळलेली, आतून खरवडलेली आणि त्यामुळे पांढरट पडलेली होती. पाने गुंडाळणाऱ्या अळीची ही नेहमीची खूण. आम्ही दोघांनी मिळून वीस चूड मोजले. बहुतेकांत असे एखादे पान, पुष्कळांत एकही नाही. एका चुडात दोन ताजी पाने दिसू लागली की मग विचार करावा, ही आमची रूढ शिफारस. आम्ही तिच्या बरेच अलीकडे होतो. मी त्यांना पानांमधले कोळी दाखवले, एका गुंडाळीत परजीवी गांधीलमाशीचा कोष दाखवला. ककांनी तो बोटावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "तुमचे खरे आहे, मॅडम. एवढ्यावर दवाईची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फवारणी केली.

आम्ही कीटकशास्त्रज्ञ अशा प्रसंगाला 'अज्ञान' म्हणत आलो आहोत आणि त्यावर उपाय म्हणून प्रशिक्षण, पत्रके व मेळावे वाढवत आलो आहोत. ककांच्या बाबतीत हे निदान लागू पडत नाही. त्यांना अळी ठाऊक होती, मित्रकीटक ठाऊक होते, मोजणी त्यांच्या हातूनच झाली होती आणि निष्कर्ष तर त्यांनीच उच्चारला होता. ज्ञान होते, हात मात्र दुसऱ्याच कशाने तरी हलला. ते 'दुसरे काही' काय असते, याचा अभ्यास आमच्याच विषयाच्या शेजारच्या दालनात, प्राण्यांच्या अध्ययनाच्या अभ्यासात, शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. आमच्या विस्तारकार्याने त्या दालनाचे दार क्वचितच उघडले, अशी माझी तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत मी स्वतःलाही धरते.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात दाखवला जाणारा एक साधा प्रयोग आहे. मधमाशीला थोडा वेळ बर्फावर ठेवून मंद करायचे, बारीक नळीत तिचे शरीर अडकवायचे आणि डोके तेवढे बाहेर ठेवायचे. ती सावध झाली की तिच्यावर एखादा गंध सोडायचा आणि लगोलग तिच्या शृंगिकेला साखरपाण्याचा थेंब टेकवायचा. ती सोंड बाहेर काढते. असे दोन-तीनदा, पुष्कळदा तर एकदाच केले, की पुढे साखर नसताना नुसत्या गंधालाही सोंड बाहेर येते. पावलॉव्हने कुत्र्यांच्या लाळेवर जे दाखवले तेच इथे दहा लाखांहून कमी चेतापेशींच्या मेंदूत घडते. १९९३ साली मार्टिन हॅमर यांनी तर साखर अजिबात न देता मधमाशीच्या मेंदूतील एकच विशिष्ट चेतापेशी गंधापाठोपाठ उत्तेजित केली आणि माशीने तो गंध 'शिकला'. बक्षीस म्हणजे मेंदूच्या लेखी काय, याचे इतके नेमके उत्तर क्वचितच मिळते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या माश्या सलग दोन दिवस 'नापास' झाल्या. गंध तोच, साखर तीच, वेळही तीच. सोंड मात्र बाहेर येईना. ती रडवेली होऊन आली. चौकशी केली तेव्हा कळले, की मदतनिसाने दयाबुद्धीने प्रयोगापूर्वी माश्यांना पोटभर साखरपाणी पाजले होते. माश्या ढ नव्हत्या; त्यांचे पोट भरले होते. शिकणे आणि शिकलेले कृतीत उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधल्या दारावर गरज बसलेली असते.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मायक्रोप्लायटिस क्रोसिपीस या परजीवी गांधीलमाशीचे आहे. ही मादी घाटेअळीच्या कुळातील अळ्यांच्या शरीरात अंडी घालते. अमेरिकेतील जो लुईस आणि जपानी शास्त्रज्ञ केइजी ताकासू यांनी १९९० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या माद्यांना दोन परके गंध शिकवले, व्हॅनिलाचा आणि चॉकलेटचा. एका गंधाबरोबर यजमान अळीची खूण अनुभवायला दिली, दुसऱ्याबरोबर साखरपाणी. मग दोन्ही गंध समोर ठेवून तिला सोडले. भुकेली मादी अन्नाशी जोडलेल्या गंधाकडे गेली; पोट भरलेली मादी अळीशी जोडलेल्या गंधाकडे. स्मृती दोघींच्या सारख्याच होत्या. त्यांपैकी कोणती कामाला लागेल, हे त्या क्षणीच्या अवस्थेने ठरवले. प्रयोगशाळेत वाढवलेले परजीवी कीटक सोडण्यापूर्वी त्यांना काय खाऊ घातले आहे, याची चौकशी मी त्यानंतर कधी टाळलेली नाही. ट्रायकोकार्ड शेतात लावताना कोणी असा प्रश्न विचारत नाही, हा भाग वेगळा.

आता ककांकडे परत येऊ. गुंडाळलेले पांढरे पान ही त्यांच्यासाठी खूण आहे. व्हॅनिलासारखीच, पण तिच्यामागे साखर नाही, नुकसान आहे. १९७०च्या दशकापासून छत्तीसगडात आणि पूर्व विदर्भात नवे धान, खत आणि औषध एकाच वेळी आले. ज्या वर्षी तुडतुड्यांनी उभे पीक गोल चट्ट्यांनी करपवले, ते वर्ष प्रत्येक गावाच्या आठवणीत आहे. मी मूळची भंडाऱ्याची. आमच्याकडे या किडीला 'मावा-तुडतुडा' म्हणतात, इकडे 'माहू'. शब्द जवळचे आहेत आणि ते उच्चारताना चेहऱ्यावर येणारा भावही एकच. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण विनोदाने वापरतो. अध्ययनशास्त्रात तिला सामान्यीकरण म्हणतात. तुडतुड्याने पोळलेला शेतकरी पाने गुंडाळणाऱ्या अळीवर फुंकर घालतो. दुर्दैव असे की ही फुंकर विषारी असते.

त्या विषाचा हिशेब कीटकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात धानाचा फुटवा चालू असतो आणि थोडी पाने गेली तरी झाड ती भरून काढते. या काळात अळीसाठी मारलेली कीटकनाशके, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील, आधी मारतात ते कोळ्यांना आणि तुडतुड्यांची अंडी शोषणाऱ्या हिरव्या मिरीड ढेकणांना. तुडतुड्यांची अंडी पर्णकोषाच्या आत सुरक्षित राहतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा शेतात पहारेकरी उरलेला नसतो. श्रावणातली अनावश्यक फवारणी अशा रीतीने आश्विनातल्या खऱ्या संकटाची पेरणी करते. आणि आश्विनात तुडतुडे वाढले की शेतकऱ्याला काय शिकायला मिळते? 'एका फवारणीने भागले नाही.'

आमची पत्रके ज्या ठिकाणी हरतात ते ठिकाण हेच. भक्ष्य मिळवण्यासाठी केलेली कृती आणि संकट टाळण्यासाठी केलेली कृती या दोन्ही अनुभवातून शिकल्या जातात, पण त्यांच्या सुटण्यात मोठा फरक आहे. साखर येणे बंद झाले की मधमाशी काही वेळाने गंधाला सोंड काढणे थांबवते. संकट टाळणाऱ्या कृतीचे तसे नाही. १९५३ साली हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. आजच्या नीतिनियमांत ते कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. इशारा मिळाल्यावर काही सेकंदांत विजेचा धक्का बसतो आणि मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की तो टळतो, एवढे कुत्रे लवकर शिकले. मग वीज कायमची बंद करण्यात आली. कुत्रे शेकडो वेळा उड्या मारत राहिले. कारण उघड आहे. जो दर वेळी वेळेवर उडी मारतो, त्याला वीज बंद झाली आहे हे कळायचे कसे? त्याच्या अनुभवात तर प्रत्येक उडी यशस्वीच ठरत होती. पुढे मध्ये काच लावून उडी अडवली, तेव्हा कोठे काहींची सवय सुटू लागली.

ककांची फवारणी म्हणजे अशीच उडी. पीक चांगले आले तर श्रेय दवाईला. पीक वाईट आले तर दवाई उशिरा मारली किंवा कमी पडली. न फवारता काय झाले असते, हा धडा शिकवणारे पानच त्यांच्या पुस्तकात नाही. आणि आम्ही त्यांना पत्रक देतो.

हे पान शेतकऱ्याला वाचताच येत नाही, असेही नाही. छत्तीसगडात बियासीची जुनी पद्धत आहे. पाऊस पडला की धान फोकून पेरायचे आणि महिनाभराने, बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवायचा. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. रोपे मोडतात, लोळतात, काही उपटून तरंगतात. मग चलाई करून विरळ जागी रोपे लावली जातात आणि दोन-तीन आठवड्यांत बांधी पूर्वीपेक्षा दाट होते. हेच कका आपल्या वरच्या शेतात आजही बियासी करतात आणि नांगराखाली लोळलेल्या धानाकडे निर्धास्तपणे पाहतात. जखमी धान सावरते हे त्यांना कोणत्याही कृषिविद्यापीठाने सांगितलेले नाही. त्यांनी ते दर वर्षी, फळापर्यंत पाहिले आहे. त्याच शेतकऱ्याला वीस चुडांतील आठ-दहा गुंडाळलेली पाने मात्र सोसवत नाहीत, कारण त्या पानांचे पुढे काय होते हे पाहण्याइतका वेळ पंपाने त्यांना कधी दिलेला नाही. मला या एका तुलनेने जेवढे शिकवले तेवढे अनेक परिसंवादांनी शिकवले नाही.

इथे माझ्या एका चुकीची नोंद करणे भाग आहे. पूर्वी एका जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटासाठी मी कीड-इशारे लिहीत असे. एका भाद्रपदात ढगाळ हवामान पाहून मी लिहिले: तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव संभवतो, चुडाच्या बुडाशी निरीक्षण करावे, चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे आढळल्यास पुढील कीटकनाशक या प्रमाणात वापरावे. शास्त्रीय दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. पुढच्या दोन दिवसांत आम्ही ज्या गावांत गेलो, तिथे चुडाच्या बुडाशी वाकून पाहिलेला माणूस अपवादानेच भेटला. फवारणी मात्र बहुतेकांची उरकली होती. तीही वरून, जिथे तुडतुडा बसतच नाही.

मी तेव्हा चिडले होते. आज वाटते, मी स्वतःच घंटा वाजवली होती. विल्यम एस्टेस यांनी १९४३ साली उंदरांवर दाखवलेली गोष्ट अशी: स्वर ऐकू आला की अन्न येते, हे उंदराने एका वेळी शिकलेले असते, दांडी दाबली की अन्न मिळते, हे दुसऱ्या वेळी. दोहोंची गाठ कोणीही घालून दिलेली नसते. तरीही दांडी समोर असताना तो स्वर वाजला, की उंदीर दांडी अधिक वेळा दाबू लागतो. खुणेने कृतीला नवे ज्ञान काहीच दिलेले नसते. तिने फक्त ऊर्जा दिलेली असते. 'माहू' हा शब्द, मोबाइलचा तो विशिष्ट आवाज आणि त्याखाली औषधाचे नाव यांनी तेच केले. संदेशातील 'निरीक्षण करावे' हे शब्द वाचले गेलेच नाहीत असे मी म्हणणार नाही. ते वाचले गेले, पण त्यांना जोडलेला कोणताही अनुभव नव्हता. औषधाला होता.

आणि मुळात आपण त्याला 'औषध' म्हणतो! हिंदीत 'दवाई', छत्तीसगडीतही तेच. आजारी मुलाला औषध न देणारा बाप जसा दिसेल, तसा फवारणी न करणारा शेतकरी स्वतःच्या नजरेत दिसतो. ही भाषा आम्ही संशोधकही सर्रास वापरतो. या लेखात मीही ती वापरत आहे आणि शेतात गेल्यावर पुन्हा वापरीन. 'विष' म्हणायला गेले की समोरचा माणूस दचकतो आणि मग संवादच होत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

प्रेरणेची बाजूही पाहिली पाहिजे, कारण खुणा एकट्याने काही करत नाहीत. २०२३च्या खरिपापासून छत्तीसगडात शासन एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपये दराने खरेदी करत आहे. म्हणजे एका एकरात ६५,१०० रुपये उभे असतात. ही शेतकऱ्याच्या हक्काची रक्कम आहे आणि मला तिचा आनंदच आहे. पण पणाला लागलेली रक्कम वाढली की प्रत्येक पांढरे पान अधिक ठळक दिसू लागते, हेही खरे. ककांचा मुलगा रायपूरजवळच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला सुटी रविवारी. फवारणी करायची तर रविवारी. पुढच्या रविवारपर्यंत थांबून मोजणी करण्याची चैन त्याला परवडत नाही. कृषी केंद्राचा दुकानदार उधारीवर बाटली देतो आणि धान विकल्यावर पैसे घेतो. 'थांबा आणि मोजा' हा सल्ला कोणी उधारीवर देत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. शेजारच्या बांधीत पंपाचा आवाज आला की उरलेसुरले धैर्यही जाते.

कोणी म्हणेल, मग विषाचीच भीती का शिकली जात नाही? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वेळी माझे आप्त त्या भागात होते. मला वाटले होते, आता पंप खाली ठेवले जातील. हातमोजे आणि मुखपट्ट्यांची चर्चा झाली. फवारणी थांबली नाही. जॉन गार्सिया यांनी १९६६ साली दाखवले, की उंदीर चव आणि मळमळ यांची सांगड सहज घालतो, पण उजेड किंवा आवाज यांची मळमळीशी सांगड घालणे त्याला जमत नाही. प्रत्येक जीव काही संबंध सहज शिकतो, काही महत्प्रयासाने. फवारणी करणाऱ्याचे डोके संध्याकाळी दुखते आणि तो म्हणतो, ऊन लागले. पंपाचा आणि डोकेदुखीचा संबंध त्याला दाखवून द्यावा लागतो, तोही पुनःपुन्हा. पांढऱ्या पानाचा आणि नुकसानीचा संबंध मात्र डोळ्यांपुढे असतो.

प्रौढ आणि विचारी माणसाला उंदराच्या रांगेत बसवणे योग्य आहे काय, असा आक्षेप माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला. आक्षेप आदराने ऐकण्यासारखा आहे. माणूस विचार करतो आणि विचाराने सवय मोडूही शकतो. पण स्वयंपाकघरात झुरळ दिसले की माझा हात आधी फवाऱ्याच्या डब्याकडे जातो, आणि कीटकशास्त्रातली पीएच.डी. त्या हाताच्या आड आजवर आलेली नाही. ककांना मी उंदीर म्हणत नाही. ते आणि मी एकाच नियमाखाली आहोत, एवढेच म्हणते.

या नियमाची ओळख ठेवून केलेले काम कसे असते, याचा नमुना आशियातल्याच धानशेतीत आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ के. एल. हिओंग आणि संवादशास्त्रज्ञ मोनिना एस्कलाडा यांनी १९९०च्या दशकात फिलिपिन्स आणि व्हिएतनाममधील शेतकऱ्यांना व्याख्यान देण्याऐवजी एक साधी परीक्षा घ्यायला सांगितले: शेताच्या एका लहान भागात पेरणीनंतरचे पहिले ४० दिवस पाने खाणाऱ्या किडींसाठी फवारणी करू नका, बाकीच्या शेतात नेहमीप्रमाणे वागा, कापणीला दोन्ही मोजा. फिलिपिन्समध्ये ही मुदत ३० दिवसांची होती. सॉलोमनच्या काचेचे काम इथे त्या लहान तुकड्याने केले, आणि काच शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लावली होती. मग मेकाँगच्या खोऱ्यात हाच निरोप नभोवाणीवरील विनोदी नाट्यछटांतून गावोगाव गेला. फवारण्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. पुढे जाहिरातींचा जोर वाढला तशा त्या पुन्हा चढल्या. पावलॉव्हला हे नवल वाटले नसते: विझलेला प्रतिसाद पुसला जात नाही, तो दबून राहतो आणि खूण पुरेशा जोराने परतली की डोके वर काढतो, हे त्यानेच नोंदवले आहे. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशक उत्पादनांवर बंदी घातली आणि नंतर अनुदानही काढून घेतले. तो दुसरा मार्ग, खूणच बाजारातून काढून टाकण्याचा. आपल्याकडे तो कोणी इतक्या निर्धाराने चोखाळील असे मला दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह पहिल्या मार्गाचा आहे, आणि तो आमच्यासारख्या संस्थांनी पैसे मोजून चालवावा असा आहे. प्रत्येक प्रात्यक्षिक-शेतकऱ्याने एकरातील अडीच डिसमिल, म्हणजे आपल्या हिशेबाने एक गुंठा, पहिले ४० दिवस बिनफवारणीचा ठेवावा आणि त्यातील तुटीची हमी संस्थेने द्यावी. त्या गुंठ्यातील सगळेच पीक बुडाले तरी भरपाई १,६२७ रुपयांच्या घरात जाते. निम्मे बुडाले तर आठशेच्या. एका शेतकरी-मेळाव्याच्या मांडवात अशा किती गुंठ्यांची हमी बसेल, हे ज्याचे त्याने मोजावे. मात्र ही पट्टी पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी आहे. तुडतुड्यांसाठी ती वापरू नये. शेजारच्या फवारणीने मित्रकीटक मेलेले असताना एक अरुंद पट्टी काहीच सिद्ध करत नाही, आणि आश्विनात चुडाच्या बुडाशी तुडतुडे खरोखर वाढले असतील तर फवारणी करावीच लागते, बुडाशी आणि वेळेत. मी फवारणीची शत्रू नाही.

इशाऱ्यांच्या संदेशांचा घाटही बदलला पाहिजे. किडीचे नाव आणि औषधाचे नाव एका संदेशात येऊ नये. पहिल्या संदेशात फक्त मोजणी मागावी. शेतकऱ्याने आकडा कळवला तरच पुढचा सल्ला जावा. मोजणे ही कृती आहे आणि कृतीला लगेच काहीतरी मिळाले तरच ती पुन्हा घडते. आज मोजणाऱ्याला काहीच मिळत नाही.

हरेलीला, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांच्या अवसेला, इकडचे शेतकरी बांधीत भेलव्याची, म्हणजे बिब्ब्याची फांदी रोवतात. तिच्यावर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात, असे आम्ही त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण देऊन मोकळे होतो. यंदा ककांच्या फांदीवर कोतवाल बसलेला मी पाहिला. फांदी रोवण्यामागे त्यांचा हेतू तो नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तसे करत आले म्हणून ते करतात. त्या फांदीशेजारीच आपली पट्टी आखावी असे मी सुचवले, कारण त्या दिवशी शेताकडे पाहण्याची त्यांची नजर वेगळी असते.

त्यांनी पट्टी ठेवली, पण तिथे नाही. रस्त्यापासून सर्वांत दूरच्या, नाल्याकडच्या बांधाला ठेवली. मी कारण विचारले तेव्हा थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "रस्त्यावरून दिसले असते तर लोक म्हणाले असते, बुढ्याकडे दवाईचे पैसे उरले नाहीत." या लाजेचा हिशेब माझ्या कोणत्याही आराखड्यात नव्हता. श्रावणात पट्टीतली पाने बाकीच्या शेताहून जास्त पांढरी दिसत होती आणि दोन रविवारी मुलगा पंप घेऊन तिथवर जाऊन आला, असे ककांनीच हसत सांगितले. आता लोंबी भरली आहे. उभ्या पिकात कोठून कोठपर्यंत पट्टी होती हे दाखवायला खुंट्या शोधाव्या लागतात. कापणीला दोन आठवडे आहेत. पट्टीचे धान वेगळे बांधायचे, वेगळे मळायचे आणि ककांच्याच काट्यावर तोलायचे असे ठरले आहे. मुलाने त्या दिवशी रजा मागितली आहे.